पैऱ्याला गेलेला माणूस

काल सकाळी कपडे वाळत घालताना वास आला. आंबूस, गोड, जरासा करपलेला. कारखाना सुरू झाला म्हणायचा. सांगलीत दिवाळी सरली की एक दिवस असा उजाडतो, की हवा कालची राहत नाही. मळीचा वास धुतलेल्या साड्यांना लागतो, उशीला लागतो, चहाच्या कपात उतरतो. वरच्या मजल्यावर पुण्याहून नवीन राहायला आलेल्या बाई नाकाला ओढणी लावून विचारत होत्या, "अहो, हा वास किती दिवस असतो?" मी म्हटलं, "होळीपर्यंत. तोवर तुम्ही सांगलीकर होऊन जाल." त्यांना ते फारसं आवडलं नाही.

मला मात्र हा वास आला की चालता चालता थांबायला होतं. नदीकडं जावं तर कृष्णेवर धुकं. पलीकडचा काठ दिसत नाही, घाटाच्या खालच्या पायऱ्या दिसत नाहीत, नुसते आवाज येतात. कुणाचं तरी खाकरणं, एखादी मोटारसायकल, लांबून उसाच्या ट्रॅक्टरवर लावलेलं गाणं. आणि बघता बघता त्या धुक्यात मला दुसरीच टेकडी दिसायला लागते. राखाडी पानांची बुटकी झाडं, झाडांखाली अंथरलेल्या हिरव्या जाळ्या. त्यांच्याकडंही तेव्हा सुगीच चालली होती, ऑलिव्ह उतरवायची. इटलीतल्या त्या टेकडीवर मी आयुष्यात चारच दिवस राहिले. सांगलीत साठ वर्षं काढली. पण हा महिना आला की ते चार दिवस घरात पाय पसरून बसतात आणि साठ वर्षांना कोपऱ्यात सरकावं लागतं.

मी कॉलेजात संगीत शिकवायचे. गळा बेताचा, राग लवकर येणारा, हे सगळ्या सांगलीला माहीत आहे, लपवण्यात अर्थ नाही. आमचा बारा पोरापोरींचा एक संच होता. हलगी, तुतारी, लेझीम, मिरजेहून आणलेली एक पेटी आणि गळे. स्नेहसंमेलनं, गणपती, कुणाच्या तरी सत्काराला स्वागतगीत, एवढंच आमचं विश्व. आणि एके दिवशी इटलीतल्या एका लहानशा गावाचं पत्र आलं. दुसऱ्या महायुद्धात त्यांचं गाव सोडवताना आपल्याकडची पोरं तिथं पडली. तिथल्या स्मशानभूमीत त्यांची नावं कोरलेली आहेत. गाव दरवर्षी नोव्हेंबरात त्यांची आठवण काढतं. यंदा सातारा-सांगलीकडच्या मुलांनी येऊन त्यांच्यापुढं गावं-वाजवावं, अशी त्यांची इच्छा होती. मी ते पत्र तीनदा वाचलं. मला वाटलं कुणीतरी चेष्टा करतंय.

चेष्टा नव्हती. पासपोर्ट काढता काढता नाकी नऊ आले, पण दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरलं. त्या आधीच्या आठवड्यांतलं सगळं मला धुरकट आठवतं. तालमीच्या खोलीतला धूळभरला उजेड. बाहेर आकाशकंदील विकायला बसलेली माणसं. कवठे महांकाळची रेश्मा, तिच्या बॅगेत आईनं भरलेला दोन किलो बेदाणा. ती गायची तेव्हा डोळे मिटून घ्यायची आणि मी ओरडायचे, "डोळे उघड, झोपलीस की काय!" आता मला वाटतं, मिटू द्यायला हवे होते तिला डोळे.

त्यातच एका दुपारी हौसाआक्का आली. आमच्या संचात हलगी वाजवायचा तो दिग्विजय, म्हणजे आमचा दिग्या, तिचा नातू. खंडाळ्याकडच्या त्यांच्या गावाहून तीन एसट्या बदलून म्हातारी सांगलीला आली होती. सत्तरी ओलांडलेली, डोळ्यांत मोतीबिंदू, पाठ मात्र ताठ. खुर्ची दिली तर बसली नाही. जमिनीवर बसली आणि म्हणाली, "बाई, तुमी जाताय तितं माजा बाप हाय. न्हाईतर न्हाई."

मला काही कळेना. मग तिनं सांगितलं. तिचा बाप गणपत लग्नानंतर वर्षाच्या आत लढाईवर गेला, तेव्हा ही आईच्या पोटात होती. लढाई सरली. आजूबाजूच्या गावांतून कुणाचा माणूस परत आला, कुणाचा कागद आला. गणपतचं काहीच आलं नाही, ना माणूस ना कागद. मग गावात बोलण्याला ऊत आला. कुणी म्हणालं पळून गेला. कुणी म्हणालं, तिकडंच गोरी बायको केली आणि घरजावई झाला. एकदा असं बोललं गेलं की ते खरंच होऊन बसतं. सरूबाईनं, म्हणजे हौसाआक्काच्या आईनं, कुंकू पुसलं नाही. नवरा मेल्याचं कुणी सांगितलं नाही तर पुसायचं कसं? पाणवठ्यावर बायका म्हणायच्या, "कुणासाठी लावतीस गं? त्यो तिकडं दुसरीला लावतोय." अशी चाळीस वर्षं गेली. सरूबाई गेली तेव्हा तिला हिरवं लुगडं नेसवायचं की पांढरं, यावरून अंगणात माणसं भांडली. तेव्हा गणपतचा थोरला भाऊ शिवराम पुढं झाला. त्याला सगळे तात्या म्हणायचे. त्यानंच या मायलेकींना सांभाळलं, हौसाचं लग्न गावातच लावलं. तात्या म्हणाला, "हिरवंच नेसवा. आमची धाकटी सवाष्ण हाय." आणि तो आत जाऊन बसला, म्हणे, दिवसभर बाहेर आला नाही.

"तवा एवढंच बगा," आक्का म्हणाली. "भितीवर माज्या बापाचं नाव हाय का न्हाई. असलं तर त्यो लढून मेला. नसलं तर लोकं म्हंत्यात तेच खरं. मला आता कळाया पायजे. डोळं मिटायच्या आत."

आणि मी काय केलं? मी, दीडशहाणी, तिचा हात हातात घेऊन म्हणाले, "असणारच आक्का. मी फोटो काढून आणते." कुठून बुद्धी झाली देव जाणे. शब्द देताना माझं असंच होतं, जीभ पुढं आणि डोकं मागं. आक्कानं तेव्हा आईच्या जात्यावरच्या ओव्या म्हणून दाखवल्या. रेश्मानं त्या तिथल्या तिथं उचलल्या. त्यातली एक अजून माझ्या कानात आहे:

पल्याडल्या देसी, कंत माजा रणामंदी
हिरवा चुडा माजा, वाट बगतो दारामंदी

मी तेव्हाच ठरवलं, तिथं हेच गायचं.

त्या गावात आम्ही पोचलो तेव्हा धुकं होतं, निघालो तेव्हाही होतं. मधल्या दिवसांत सूर्य एकदाच दिसला, तोही ताकासारखा. दगडी गल्ल्या, चढ, पुन्हा चढ. घरांतून तेलाचा आणि जळत्या लाकडाचा वास. आमची पोरं शाली गुंडाळून, शेंगदाण्याची चटणी पावाला लावून खात फिरायची. रस्त्यात भेटेल त्याला "राम राम" म्हणायची. आणि माणसंही थांबून मान लववायची. भाषा कुणाची कुणाला कळत नव्हती. मला त्या दिवसांत सारखं वाटायचं, की आपण झोपेत आहोत आणि हे आपल्याला शेजारच्या खोलीतून ऐकू येतंय.

स्मशानभूमीची किल्ली एका म्हाताऱ्याकडं होती. पोरांनी त्याचं नाव आबा ठेवलं. त्याची आमची गाठ पडली ती मात्र भांडणातच. कार्यक्रमाच्या सकाळी दिग्यानं हलगी पिशवीतून काढली आणि टिपरू मारलं, तर आवाज आला ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा. धुक्यानं चामडं पार सैल पडलं होतं. आपल्याकडं हलगी शेकायची म्हणजे काय, उसाचं दोन मुठी पाचट पेटवलं की झालं. इथं पाचट कुठून आणणार? माझं लक्ष नाही असं बघून या कार्ट्यांनी स्मशानभूमीच्या भिंतीमागं कार्यक्रमपत्रिकांचा गठ्ठा पेटवला. तिथले नगराध्यक्ष, त्यांची भाषणं, आमची नावं, सगळं जाळत बसले. धूर बघून आबा पाण्याची बादली घेऊन धावत आला. हातवारे, आरडाओरडा. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मीही पोरांवर ओरडायला लागले. आता तो एका भाषेत ओरडतोय, मी दुसऱ्या. आणि दिग्या मधोमध उकिडवा बसून, शांतपणे, हलगी जाळावर फिरवतोय. मग त्यानं एकदा टिपरू मारलं. कडाडून आवाज निघाला. आबानं बादली खाली ठेवली. वाकून एका बोटानं चामड्यावर टिचकी मारली, कान दिला, मान डोलावली. आणि जाऊन ऑलिव्हच्या वाळक्या फांद्यांची मोळीच घेऊन आला. त्या फांद्यांचा जाळ निळसर होता. आम्ही सगळे भोवती हात शेकत उभे राहिलो. रेश्मानं त्याला मूठभर बेदाणा दिला. त्यानं तो खिशात घातला आणि एकेक दाणा काढून पुरवून खाल्ला.

पण मी लांबण लावतेय. मुद्द्याचं बोलायला जीव होत नाही, म्हणून.

आत गेलो. पांढऱ्या दगडांच्या रांगा, कापलेलं गवत, गुलाबाची उशिराची दोन-चार फुलं. आपल्याकडच्या हिंदू जवानांना तिथंच अग्नी दिला होता. त्यांना थडगी नाहीत, शेवटाला त्यांच्या नावांची एक भिंत आहे. दिग्या माझ्या पुढं पळत गेला. मी मुद्दाम सावकाश चालले. त्यानं वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी जवळ पोचले तेव्हा तो भिंतीला पाठ लावून उभा होता.

"न्हाई बाई."

"नीट बघ."

"दोनदा बघितलं. गणपत न्हाई."

मी स्वतः बघितलं. चष्मा पुसून बघितलं. आपल्याकडची नावं अशी ओळीनं समोर येत होती, की प्रत्येक नावाला एक घर चिकटून यावं. पण गणपत नव्हता. दिग्यानं हलगी गवतावर ठेवली. "मी वाजवत न्हाई," तो म्हणाला. "ही लढून मेलेली माणसं हायत. पळून गेलेल्याच्या पणतवानं कुठल्या तोंडानं वाजवायचं?"

मला काय झालं कोण जाणे. दुःख झालं की मला रागच येतो, दुसरं काही येतच नाही. मी त्याच्यावर अशी कडाडले, की लांब उभी असलेली पाहुणे मंडळी वळून बघायला लागली. "तुझ्या पणज्यासाठी नको वाजवूस. या बाकीच्यांसाठी वाजव. यांच्यातल्या कुणाला वाजतगाजत गावात नेलं का? कुणी गुलाल टाकला का? उचल ती हलगी!" उचलली त्यानं. डोळे पुसले नाहीत, तशीच उचलली.

मग जे झालं ते मला सलग आठवत नाही. धुक्यात तुतारी फुंकली गेली आणि तो आवाज टेकडीवरून खाली जाऊन परत आला, हे आठवतं. दिग्यानं सुट्टीवर आलेल्या जवानाला वेशीवरून घरी नेताना वाजवतात तो ठेका धरला होता, दात-ओठ खात. लेझमींचा खळखळाट. आणि मग सगळं थांबल्यावर रेश्मा. तिनं डोळे मिटले होते आणि या वेळी मी काही बोलले नाही. ती गात होती, हिरवा चुडा माजा, वाट बगतो दारामंदी, आणि समोर नावांची भिंत. त्या ओव्या जिनं जात्यावर म्हटल्या तिच्या नवऱ्याचंच नाव तेवढं भिंतीवर नव्हतं. मी हौसाआक्काला दिलेल्या शब्दाचा विचार करत होते. आता तिच्यापुढं जाऊन काय सांगू, कुठल्या तोंडानं सांगू. मला रडू आलं. सगळ्यांना वाटलं गाण्यानं आलं.

कार्यक्रम संपला, माणसं पांगली. आबा मात्र जाईना. त्यानं मला खुणेनं फाटकाजवळ नेलं. तिथं भिंतीतच एक लहानसं पितळी दाराचं कपाट होतं, त्यात एक जाड वही. भिंतीवर नुसती नावं, आडनावंही नाहीत. वहीत प्रत्येकाची ओळख, इंग्रजीत, दोन-दोन ओळींत. कुणाचा मुलगा, कुठलं गाव, कुठला जिल्हा. बहुतेक त्यानं दिग्याला नाव शोधताना पाहिलं असावं. मी आशा न धरता पानं उलटत गेले. सातारा दिसलं की थांबायचे. असं करत करत एका ठिकाणी खंडाळा तालुका आला, खाली दिग्याचंच गाव. नाव होतं शिवराम. आडनाव आक्काच्या माहेरचं.

मी दिग्याला हाक मारली. त्यानं वाचलं आणि हसला, वेड्यासारखा. "बाई, हे कसं काय? शिवराम म्हंजी आमचं तात्या. आजीचं चुलतं. मी बालवाडीत असताना वारले ते. त्यांच्या मांडीवर बसून शेंगा खाल्ल्यात मी."

"पुढं वाच," मी म्हटलं. 

पुढं लिहिलं होतं, सरूबाईचा नवरा.

तात्याच्या बायकोचं नाव कोंडाबाई. सरूबाई गणपतची. दिग्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं. आबा टोपी हातात घेऊन बाजूला सरकला. मग दिग्या हळूच म्हणाला, "बाई, पैऱ्याला गेला असंल."

मला क्षणभर लागला. पैरा म्हणजे आपल्याकडं कामाची फेड. आज तुमच्या घरचा एक माणूस आमच्या रानात राबला, उद्या आमच्या घरचा एक तुमच्या रानात. कबूल थोरल्यानं केलेलं असतं, पण तो अडला तर धाकटा जातो. कुणी विचारत नाही. घरटी एक माणूस गेल्याशी कारण. भरतीत शिवराम निवडला गेला असणार. आणि मग घरात कुणीतरी म्हणालं असणार, थोरल्याबिगर नांगर कोण धरंल? आणि धाकटा त्याच्या कागदावर गेला असणार, खुरपणीला जावं तसा. त्या घराला त्यात काही वावगं वाटलं नसेल, नव्या सुनेला कुणी सांगितलंही नसेल. सरकारनंही चेहरा बघितला नसेल, माणूस मोजला. नाव तेवढं थोरल्याचं राहिलं.

आणि मेल्याचा कागद आला असेल तोही थोरल्याच्याच नावानं. जिवंत माणसाच्या हातात त्याचाच मृत्यू; तो दाखवावा तर नावाची अदलाबदल सरकारला कळणार.

परतीच्या वाटेवर, ढगांवरून जाताना, मला त्या माणसाचा राग येत होता, आणि कीवही येत होती. खरं सांगायचं तर वही सापडली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला होता, आणि लगेच पाचावर धारण बसली होती. कारण आक्काला बाप द्यायचा तर तात्या काढून घ्यावा लागणार होता. ज्यानं तिला कडेवर घेऊन जत्रा दाखवली, तिचं कन्यादान केलं, तोच माणूस सगळं ठाऊक असून चाळीस वर्षं गप्प बसला, सरूबाईला पाणवठ्यावर टोचणी खाऊ दिली. दिग्या शेजारी बसून विनवण्या करत होता. "बाई, गणपत लिवलंय म्हणून सांगूया. तिला कुठं वाचता येतंय? तिला बाप बी मिळंल आणि तात्या बी ऱ्हातील." मी हो म्हटलं. शपथेवर सांगते, मी खोटं बोलायचं ठरवूनच त्यांच्या गावात पाय ठेवला.

दुपारची वेळ होती. उन्हाचा चौकोन सोप्यात पडला होता. भिंतीवर तात्याचा फोटो, फेटा बांधलेला, चंदनाचा हार. आक्कानं आम्हाला पाणी दिलं, गूळ दिला आणि समोर बसली.  मी फोन काढला, वहीचा फोटो तिच्यापुढं धरला आणि म्हणाले, "हे बघा आक्का. गणपत..."

पुढं दातखीळ बसली. एरवी चुरूचुरू चालणारी माझी जीभ. आक्का माझ्या तोंडाकडं बघत राहिली, त्या गढुळलेल्या डोळ्यांनी. "आवं बाई," ती म्हणाली, "मी तीन एष्ट्या बदलून आली हुती. खरं काय आसंल ते सांगा."

मग सांगितलं. सगळं सांगितलं. मधे दिग्या उठून परड्यात जाऊन आला, पुन्हा बसला.

 आक्काला मग एकेक आठवायला लागलं. लढाई सरल्यावर पोस्टमन आला होता, असं आई सांगायची. तात्यानं कागद घेतला आणि रानात गेला, येताना हात रिकामे होते. सुट्टीवर जवान आला आणि वेशीवर हलगी वाजली की तात्या बैल सोडून शिवाराकडं चालू लागायचा. कचेरीत कुठं नाव सांगायची पाळी आली की दुसऱ्याला पुढं करायचा. "आमी म्हनायचो, तात्या भिडस्त हायत," आक्का म्हणाली. आणि एकदम तिचा आवाज चढला. "सांगायचं हुतं की वं त्यांनी! सरकार काय फाशी देनार हुतं का? माझी आई रोज मरत हुती हितं. पान्याला जायाची म्हंजी लोकं पांगायची वाट बगायची. चाळीस वरसं! आणि ह्येंनी हिरवं लुगडं नेसवलं. हिरवं!" तिनं तात्याच्या फोटोकडं हात केला आणि तो हात तसाच राहिला. तिला त्याला शिवी द्यायची होती. शिवी येईना. म्हणाली, "मला गोवर आला तवा ह्योच मानूस रातभर बसला हुता उशाला." आणि मग पदरात तोंड घालून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती उघडपणे, लहान मुलीसारखी रडत होती. कुणासाठी ते मी विचारलं नाही.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले. "आईचं नाव हाय म्हनला न्हवं तितं?"

"आहे."

"कसं लिवलंय?"

"सरूबाईचा नवरा."

"परत वाचा."

मी परत वाचलं. तिनं आणखी दोनदा वाचायला लावलं. प्रत्येक वेळी तिचे ओठ माझ्या बरोबरीनं हलत होते. मग ती म्हणाली, "लोकं म्हनायची तिकडं गोरी केली. सोताचं नाव सुदिक घिऊन गेला न्हाई गडी. भावाचं नाव लावलं, भावाचा कागद घेतला. बायकू तेवढी सोताची सांगितली." तिचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही. उजळला म्हणावं तर अजून ओला होता.

"दिग्या," ती म्हणाली, "भाईर वट्ट्यावर हुबा ऱ्हा आणि मोट्यानं वाच. आळीला ऐकू जाऊ दे."

दिग्यानं माझ्याकडून फोन घेतला. समोरच्या ओट्यावर चार-पाच म्हाताऱ्या शेंगा फोडत बसल्या होत्या. उंबऱ्यापाशी तो थांबला. "आजी, शिवराम वाचू का गणपत?"

आक्कानं फोटोकडं बघितलं.  शिवराम म्हटलं की अख्ख्या आळीला तात्या कळणार. गणपत म्हटलं की खोटं.  सोप्यात शेंगा फुटल्याचे आवाज येत होते.

"नाव गाळ," ती म्हणाली. "त्याच्या फुडचं वाच."

दिग्या बाहेर गेला. खणखणीत आवाजात, मराठी करून वाचू लागला. गावाचं नाव, तालुका खंडाळा, जिल्हा सातारा. इटलीच्या लढाईत पडला. सरूबाईचा नवरा.

समोरच्या एका म्हातारीचे हात थांबले. "कुनाचा म्हनलास रं?" तिनं विचारलं.

दिग्या बोलायच्या आत आक्का आतून ओरडली, "सरूबाईचा! माज्या आईचा!"